ज्यूरीला पटलेला, कागदावर न टिकलेला बचाव : नानावटी खटल्यातील युक्तिवादाचा अभ्यास

कमांडर के. एम. नानावटी यांच्या खटल्याची चर्चा आपल्याकडे बहुधा प्रेमत्रिकोणाच्या अंगाने होते. फौजदारी वकिली करणाऱ्याने मात्र या प्रकरणाकडे वेगळ्या प्रश्नासाठी पाहायला हवे. २१ ऑक्टोबर १९५९ रोजी मुंबईच्या सत्र न्यायालयातील नऊ सामान्य नागरिकांच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने आरोपी दोषी नसल्याचा निर्णय दिला. ११ मार्च १९६० रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्याच आरोपीला खुनाबद्दल जन्मठेप सुनावली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम केली. दरम्यानच्या काळात बाजी उलटवणारा नवा साक्षीदार आलेला नव्हता. ज्या साक्षीपुराव्यावर ज्यूरीने आरोपीला निर्दोष ठरवले, त्याच साक्षीपुराव्यावर पुढचे दोन निकाल दिले गेले.

घटनाक्रम थोडक्यात असा. नानावटी हे नौदलाच्या ‘म्हैसूर’ या युद्धनौकेवरील दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी होते. नोकरीमुळे ते दीर्घकाळ घराबाहेर असत आणि त्या काळात प्रेम आहुजा या परिचिताशी त्यांच्या पत्नीचे संबंध जुळले. २७ एप्रिल १९५९ रोजी सकाळी पती-पत्नी आजारी कुत्र्याला परळच्या जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले आणि परतताना त्यांनी मेट्रो चित्रपटगृहाची तिकिटे काढली. दुपारी घरी पत्नीने संबंधांची कबुली दिली. नानावटींनी पत्नीला व मुलांना ठरल्याप्रमाणे मेट्रोवर सोडले, तेथून ते जहाजावर गेले आणि आपल्याला रात्री एकट्याने मोटारीने अहमदनगरला जायचे आहे असे कारण सांगून त्यांनी एक रिव्हॉल्व्हर व सहा काडतुसे घेतली. आधी आहुजांच्या कार्यालयात आणि ते तेथे नसल्याने त्यांच्या घरी असे ते गेले. आहुजा नुकतेच स्नान करून टॉवेल गुंडाळून शयनगृहात उभे होते. नानावटी आत शिरले, दार लागले, गोळ्या झाडल्या गेल्या आणि आहुजा गतप्राण झाले. त्यानंतर नानावटी नौदलाच्या प्रोव्होस्ट मार्शलकडे, म्हणजे नौदलातील पोलिसी काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे, गेले आणि मग पोलीस उपायुक्तांसमोर स्वाधीन झाले.

आरोप भारतीय दंड संहितेच्या कलम ३०२ खाली आणि कलम ३०४ च्या पहिल्या भागाखाली होता, म्हणजे खून किंवा खुनापेक्षा कमी गंभीर असा सदोष मनुष्यवध. युक्तिवादाची सारी रचना या दुहेरी आरोपाभोवतीच समजून घ्यावी लागते.

बचावाचे नेतृत्व कार्ल खंडालावाला यांच्याकडे होते. फौजदारी न्यायालयाइतकाच भारतीय लघुचित्रांवरही अधिकार असलेला हा माणूस. एखाद्या चित्राची चौकट कुठे संपवावी हे त्यांना कळत असणार, असे त्यांनी मांडलेली कथा वाचताना वाटत राहते. ती कथा अशी होती. नानावटी रिव्हॉल्व्हर घेऊन निघाले ते स्वतःचा शेवट करण्याच्या विचाराने. त्याआधी त्यांना आहुजांना एकच गोष्ट विचारायची होती : माझ्या पत्नीशी लग्न करून मुलांचा सांभाळ करणार का? ज्या ज्या स्त्रीशी संबंध येतो तिच्याशी मी लग्न करावे काय, अशा अर्थाचे उर्मट उत्तर मिळाले. नानावटींनी चोप देण्याची धमकी दिली, रिव्हॉल्व्हर असलेल्या पाकिटावर आहुजांनी झडप घातली, झटापट झाली आणि त्या झटापटीत गोळ्या सुटल्या. मृत्यू अपघाताने झाला.

या कथेत दोन गोष्टी एकमेकींत विणलेल्या आहेत आणि कायद्याच्या दृष्टीने त्या एकमेकींच्या विरुद्ध जातात. पहिली फसवल्या गेलेल्या पतीची, त्याच्या संतापाची गोष्ट. दुसरी अपघाताची. संतापाच्या भरात मारले असे म्हणायचे तर मारण्याची कृती मान्य करून गंभीर व आकस्मिक प्रक्षोभाचा आधार घ्यावा लागतो, आणि तो पूर्ण सिद्ध झाला तरी आरोपी सुटत नाही. खुनाचा आरोप सदोष मनुष्यवधावर उतरतो, एवढेच. अपघात झाला असे म्हणायचे तर दंड संहितेच्या कलम ८० चा आधार घ्यावा लागतो, आणि त्यात राग, सूड, मारण्याची इच्छा यांना जागाच नसते. ज्यूरीने आरोपीला दोन्ही कलमांखाली दोषी नसल्याचे ठरवले. केवळ प्रक्षोभाच्या आधारे हे शक्यच नव्हते. माझे वाचन असे की ज्यूरीची सहानुभूती पतीच्या गोष्टीने मिळवली आणि ती सहानुभूती अमलात आणण्यासाठी लागणारी कायदेशीर वाट अपघाताच्या गोष्टीने उघडून दिली. दोन्ही कथा एकत्र ठेवण्यामागचे कौशल्य हेच आहे, आणि पुढच्या अपयशाचे बीजही त्यातच आहे.

ज्यूरीसमोर ही विसंगती का खुपली नाही? एक कारण असे की ऐकणारा माणूस घटना ज्या क्रमाने ऐकतो त्या क्रमाने ती जगतो. सकाळचा आजारी कुत्रा, चित्रपटाची तिकिटे, दुपारची कबुली, मुलांना दिलेला शब्द मोडू नये म्हणून त्यांना चित्रपटगृहावर सोडणारा बाप, हे सारे ऐकून होईपर्यंत हा मनुष्य थंड डोक्याचा मारेकरी नव्हे असे ऐकणाऱ्याचे मत बनलेले असते, आणि मग बंद दाराआड काय घडले याचा निर्णय तो त्या मतावरून करतो. पत्नीने स्वतः बचावपक्षातर्फे साक्ष दिली. जिच्यामुळे सारे घडले ती पतीच्या बाजूने उभी आहे, ही वस्तुस्थिती कोणत्याही युक्तिवादापेक्षा अधिक बोलकी होती. आरोपी पोलिसांच्या नव्हे तर नौदलाच्या ताब्यात होता. न्यायालयाबाहेर रुसी करंजियांचे ‘ब्लिट्झ’ साप्ताहिक उघडपणे त्याच्या बाजूने लिहीत होते. ज्यूरीतील माणसे याच शहरात राहणारी होती.

सरकारपक्षाकडेही प्रभावी साहित्य कमी नव्हते. सरकारी वकील सी. एम. त्रिवेदी होते आणि मृताच्या बहिणीने नेमलेले तरुण राम जेठमलानी त्यांच्या साहाय्याला होते. सर्वांत बळकट मुद्दा टॉवेलचा. आहुजांच्या कमरेचा टॉवेल मृतदेहावर जसाच्या तसा होता, सुटलेला नव्हता, पडलेला नव्हता. जिवाच्या आकांताने दोन पुरुषांची रिव्हॉल्व्हरसाठी झोंबाझोंबी झाली आणि गाठ मारून नव्हे तर नुसता गुंडाळलेला टॉवेल जागचा हलला नाही, हे कसे मानायचे? उलटतपासणी करता येत नाही, विस्मरण होत नाही, हेतू चिकटवता येत नाही, असा हा पुरावा. खटल्याच्या वकिलाला असा एक जड, मुका तपशील मिळाला तर त्याने पूर्ण प्रकरण त्याच्याभोवती उभे करावे.

तरीही आठ जणांना तो पुरेसा वाटला नाही. याचे उत्तर पुराव्याच्या दर्जात शोधण्यापेक्षा मांडणीत शोधावे, असे मला वाटते. सरकारपक्षाने बचावाची कथा खोडली, पण तिच्या जागी ऐकणाऱ्याला धरून ठेवता येईल अशी दुसरी कथा दिली नाही. मृत व्यक्तीबद्दल आपुलकी वाटावी असे त्या साक्षीपुराव्यात फारसे काही नव्हते. अशा वेळी मृताचे समर्थन करण्याच्या फंदात न पडता प्रश्नच बदलावा लागतो : हा मनुष्य चांगला होता का, हे ठरवायला आपण बसलेलो नाही, निःशस्त्र मनुष्याच्या शयनगृहात भरलेले रिव्हॉल्व्हर घेऊन जाणाऱ्याला कायदा काय म्हणतो, हे ठरवायला बसलो आहोत. हा प्रश्न अगदी सुरुवातीपासून मध्यभागी ठेवला गेला असता तर मतांचे प्रमाण कदाचित वेगळे दिसले असते. ‘कदाचित’ हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे, कारण ज्यूरी आपल्या निर्णयाची कारणे देत नसे.

नेमके याच ठिकाणी प्रकरण उलटले. सत्र न्यायाधीश रतिलाल मेहता यांना ज्यूरीचा निर्णय विवेकी मनुष्य देऊ शकणार नाही असा वाटला आणि त्यांनी १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०७ खाली प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. तेथे न्यायमूर्ती शेलत आणि न्यायमूर्ती नाईक यांच्यासमोर सुनावणी झाली. सरकारची बाजू पुढे भारताचे सरन्यायाधीश झालेल्या यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी मांडली. आता ऐकणारे कारणे लिहून देण्यास बांधलेले होते. त्यांच्यासमोर आरोपीचा गणवेश नव्हता, पत्नीचा चेहरा नव्हता, गच्च भरलेले न्यायालय नव्हते. जबान्यांची पाने होती. जबानी पुढेमागे चाळता येते, दोन साक्षीदारांची वाक्ये शेजारी ठेवता येतात, वेळा मांडून बेरीज-वजाबाकी करता येते.

त्या वजाबाकीत काय निघाले ते सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात, न्यायमूर्ती सुब्बा राव यांच्या शब्दांत, सविस्तर वाचायला मिळते. नानावटी दुपारी दीडच्या सुमारास घरातून निघाले आणि गोळीबार चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास झाला. मधल्या सुमारे तीन तासांत त्यांनी कुटुंबाला चित्रपटगृहावर सोडले, जहाजावर जाऊन खोटे कारण सांगून शस्त्र मिळवले, कार्यालयात चौकशी केली आणि मग घर गाठले. प्रक्षोभाचा अपवाद लागू व्हायचा तर प्राणघातक कृती त्या प्रक्षोभातूनच थेट उद्भवलेली असावी लागते. मन थंडावण्यास अवधी मिळाल्यानंतरची कृती त्यात बसत नाही. पत्नीच्या कबुलीने क्षणभर तोल गेला असेल, पण तो पुन्हा सावरला होता, आणि सावरला होता हे आरोपीच्याच सांगण्यावरून दिसते : तो पत्नीच्या व मुलांच्या पुढच्या आयुष्याचा विचार करत होता. म्हणजे ज्यूरीसमोर ज्या तपशिलाने बापाचे काळीज दाखवले, तोच तपशील न्यायमूर्तींच्या टेबलावर आत्मसंयम परत आल्याचा पुरावा झाला. मुलांना मेट्रोवर सोडणे ही एकच घटना. ऐकताना ती माणुसकीची खूण होती, वाचताना ती घड्याळातली वेळ ठरली.

अपघाताच्या कथेचेही असेच झाले. सत्र न्यायाधीशांनी ज्यूरीला कायदा समजावताना ज्या त्रुटी ठेवल्या होत्या त्यांत एक महत्त्वाची होती : कलम ८० चा फायदा हवा असेल तर तशी परिस्थिती दाखवण्याचा भार पुरावा कायद्याच्या कलम १०५ प्रमाणे आरोपीवर असतो, हे ज्यूरीला नीट सांगितलेच गेले नव्हते. शिवाय त्या कलमाला नुसता अपघात पुरत नाही. कृती कायदेशीर असावी, ती कायदेशीर मार्गाने आणि योग्य काळजी घेऊन केलेली असावी, अशा अटी आहेत. नंतरच्या वर्तनाचा मुद्दा तर बचावाला सर्वांत महाग पडला. गोळीबारानंतर नानावटी शयनगृहातून निघाले तेव्हा घरात असलेल्या मृताच्या बहिणीला त्यांनी हा अपघात होता असे सांगितले नाही. खाली चौकीदाराने हटकल्यावर आपल्या पत्नीशी संबंध असल्यामुळे आहुजांना मारले असे ते म्हणाले. प्रोव्होस्ट मार्शललाही अपघात म्हणून सांगितले नाही. पोलिसांकडील नोंदीत स्वतःचे नाव चुकीचे लिहिलेले दिसताच त्यांनी ते दुरुस्त करून दिले. भांबावलेला मनुष्य नावाचे स्पेलिंग तपासत बसत नाही, हा निष्कर्ष काढायला कोणत्याही वक्तृत्वाची गरज नव्हती.

बचावापुढे दुसरा मार्ग होता का? अपघाताची भूमिका सोडून केवळ प्रक्षोभावर लढणे, हा एक पर्याय सुचवला जातो. त्यात आरोपीला काही वर्षांची शिक्षा जवळजवळ स्वीकारून पुढे जावे लागले असते, आणि तीन तासांचे अंतर तेथेही आडवे आलेच असते. मुख्य भूमिका अपघाताची आणि पर्यायी भूमिका प्रक्षोभाची, असा रिवाजाप्रमाणे मांडलेला बचाव कायद्याला मान्य आहे. परंतु पर्यायी भूमिका मांडताना पहिल्या भूमिकेवरचा विश्वास किती कमी होतो, हे प्रत्येक वकिलाला ठाऊक असते. ज्यूरीपुरते पाहिले तर खंडालावालांनी निवडलेला मार्ग यशस्वीच झाला, हे नाकारता येत नाही. त्यांच्या जागी दुसऱ्या कोणी वेगळे केले असते असे मला वाटत नाही. कमतरता होती ती एकाच बाबतीत. पुढे कोणीतरी हे सारे सावकाश वाचेल, हे गृहीत धरून आरोपीच्या हकिकतीतील प्रत्येक तपशिलाची दुसरी बाजू तपासायला हवी होती. रिव्हॉल्व्हर आत्महत्येसाठी घेतले असे म्हणायचे तर अहमदनगरचे खोटे कारण, पाकिटात घालून केलेली वाहतूक आणि दोन ठिकाणचा शोध यांचा मेळ कसा लावायचा, याचे उत्तर साक्षीपुराव्यातच पेरलेले असायला हवे होते. ते नसल्याने युक्तिवादाला नंतर उभे राहायला जमीन उरली नाही.

हा खटला भारतातील शेवटचा ज्यूरी खटला होता असे सर्रास लिहिले जाते. ते खरे नाही. विधी आयोगाने १९५८ च्या चौदाव्या अहवालात ज्यूरी पद्धत बंद करण्याची शिफारस आधीच केलेली होती, आणि काही ठिकाणी ज्यूरी नंतरही चालू राहून १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ती पूर्णपणे संपली. पारशी विवाहविषयक दाव्यांत ज्यूरीसारख्या प्रतिनिधींची व्यवस्था आजही कायद्यात आहे. पण फौजदारी वकिलाच्या दृष्टीने परिणाम तोच : आज पुण्यात किंवा नाशिकला सत्र खटला चालवणाऱ्याला नऊ नागरिक भेटणार नाहीत. त्याला एक न्यायाधीश भेटेल, जो ऐकणाराही आहे आणि निकालपत्र लिहिणाराही, आणि त्या निकालपत्रावर पुढे उच्च न्यायालयाचे दोन न्यायमूर्ती नजर फिरवतील.

त्यामुळे मन वळवण्याचे काम अंतिम युक्तिवादाच्या दिवसावर सोडून चालत नाही. ते साक्ष नोंदवली जात असतानाच करावे लागते. साक्षीदार ‘इतक्या अंतरावरून’ म्हणत हाताने भिंतीकडे दाखवतो तेव्हा न्यायालयातील सर्वांना अंतर कळते, पण जबानीत फक्त ‘इतक्या अंतरावरून’ एवढेच उतरते. ते अंतर किती फूट, हे साक्षीदाराकडूनच वदवून घेतले नाही तर अपिलात त्या उत्तराची किंमत शून्य. उलटतपासणीत साक्षीदार गोंधळला, दोन मिनिटे गप्प बसला, हे न्यायाधीशाला शेरा म्हणून नोंदवण्याची विनंती केली नाही तर ते घडलेच नाही असे समजावे. सूचना देणाऱ्या, म्हणजे आपल्या पक्षाचे म्हणणे साक्षीदारापुढे ठेवणाऱ्या, प्रश्नांबाबतही हाच न्याय. ‘झटापट झाली असे म्हणणे खरे नाही’ अशी नुसती सूचना साक्षीदार नाकारतो आणि विषय संपतो. टॉवेल कसा गुंडाळलेला होता, गाठ होती का, खोलीतील वस्तू कुठे होत्या, असे सहा छोटे प्रश्न विचारले तर सातवा विचारावाच लागत नाही.

नवे फौजदारी कायदे १ जुलै २०२४ पासून लागू झाले आणि कलमांचे क्रमांक बदलले. अपघाताचा अपवाद आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १८ मध्ये आहे, प्रक्षोभाचा अपवाद कलम १०१ मध्ये, आणि अपवाद सिद्ध करण्याचा भार भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १०८ मध्ये. आशय तोच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५२ मध्ये, १९७३ च्या प्रक्रिया संहितेतील जुन्या कलम ३१४ प्रमाणेच, तोंडी युक्तिवाद संपण्यापूर्वी थोडक्यात आणि स्वतंत्र शीर्षकांखाली लेखी टिपण देण्याची मुभा आहे. आपल्याकडे हे टिपण पुष्कळदा निवाड्यांच्या याद्यांनी भरलेले असते. त्यात निवाडे मोजकेच घालावेत आणि मुख्य जागा वेळापत्रकाला द्यावी : किती वाजता कोण कुठे होते, हे कोणत्या साक्षीदाराच्या जबानीतील कितव्या परिच्छेदात आहे, आणि त्या प्रत्येक ओळीचा आपल्या विरोधात काय अर्थ काढला जाऊ शकतो. शेवटचा रकाना पक्षकाराला दाखवू नये, न्यायालयात तर देऊच नये. तो वकिलाने स्वतःसाठी, साक्ष सुरू होण्याआधी भरायचा असतो.

नानावटींचे पुढे काय झाले हे सांगितल्याशिवाय प्रकरण पुरे होत नाही. उच्च न्यायालयाने शिक्षा सुनावली त्याच दिवशी तत्कालीन मुंबई राज्याचे राज्यपाल श्रीप्रकाश यांनी शिक्षेला स्थगिती देऊन आरोपीला नौदलाच्या ताब्यात ठेवण्याचा आदेश काढला. अपील सर्वोच्च न्यायालयासमोर असताना असा आदेश चालू राहू शकत नाही, असे त्या न्यायालयाच्या घटनापीठाने १९६० साली ठरवले. अपील फेटाळल्यावर नानावटींनी काही काळ शिक्षा भोगली आणि १९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांना माफी दिली. पुढे ते कुटुंबासह कॅनडात स्थायिक झाले. माफीच्या अर्जावर पुराव्याचा भार कोणावर, हा प्रश्न विचारला जात नाही. तेथे बापाची, पतीची आणि अधिकाऱ्याची गोष्ट पुन्हा एकदा उपयोगी पडली.